माणसाची पारख: मुलाखत, ठसा आणि मोजमाप

अनोळखी माणसाशी पंधरा-वीस मिनिटे बोलले की तो पुढे कसे काम करील ते कळते, या समजुतीवर नोकरभरती, उच्च शिक्षणातले प्रवेश आणि बढत्या यांचा फार मोठा व्यवहार चालतो. ही समजूत कितपत खरी आहे, याचा शोध मानसशास्त्रज्ञ गेली शंभराहून अधिक वर्षे घेत आले आहेत. त्यांचे निष्कर्ष बऱ्याच अंशी एकाच दिशेने जातात. समोरासमोरच्या भेटीत पडलेल्या ठशावर माणूस गरजेपेक्षा कितीतरी जास्त विसंबतो, आणि तो ठसा भाषा, पोशाख, घराणे, जात अशा कामाशी संबंध नसलेल्या गोष्टींनी रंगलेला असतो. त्यामुळे भारतात हा प्रश्न योग्य माणूस मिळण्या-न मिळण्यापुरता राहत नाही. तो न्यायाचा होतो.

माणसे निवडण्याच्या तीन वेगवेगळ्या रीती इंदूरजवळच्या राऊच्या आसपास शेजारी शेजारी नांदतात. राऊ-पीथमपूर रस्त्यावर १९३ एकरांच्या आवारात भारतीय प्रबंध संस्था आहे. १९९६ साली सुरू झालेल्या या संस्थेने २०११ पासून बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रमही चालवला आहे. तिथे लेखी परीक्षेची चाळणी पार केली की मुलाखतीला तोंड द्यावे लागते. त्याच रस्त्याने पुढे गेले की पीथमपूरची औद्योगिक वसाहत लागते. पुण्याच्या फिरोदियांनी बजाज टेम्पो आणि कायनेटिक होंडाचे कारखाने इथे काढले. फिटर, टर्नर, वेल्डर घेताना हातात काम देऊन पाहण्याची पद्धत अशा कारखान्यांना परिचयाची आहे. इंदूरहून राऊमार्गे पुढे गेल्यावर महू लागते. ही जुनी लष्करी छावणी, आणि या शास्त्राचा बराच भाग तर सैन्यातल्या निवडीतूनच वाढला आहे.

महूला या विषयात आणखी एक स्थान आहे. १८९१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म इथे झाला, तेव्हा त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ तिथल्या लष्करी शाळेत शिकवत होते. त्यानंतर लवकरच ब्रिटिश भारतीय सैन्याने महारांची भरती बंद केली. मुंबई इलाख्याच्या पलटणींत पिढ्यान्‌पिढ्या लढलेल्या, कोरेगावच्या १८१८ च्या लढाईत नाव राखलेल्या समाजाला हे दार बंद झाले ते काही जमाती जन्मतः लढाऊ आणि बाकीच्या नाहीत, या सिद्धान्तापायी. त्या काळच्या वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांचा त्यावर गाढ विश्वास होता. त्यासाठी कोणाचेही मोजमाप झाले नव्हते, कोणाच्या कामगिरीची नोंद तपासली गेली नव्हती. गोपाळबाबा वलंगकरांनी आणि पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज-विनंत्या केल्या, त्यांतला मुख्य मुद्दाच हा होता की झालेली सेवा पाहा. पहिल्या महायुद्धात माणसांची निकड भासली तेव्हा महारांची एक पलटण उभी केली गेली आणि युद्ध संपल्यावर मोडण्यात आली. महार रेजिमेंट स्थापन व्हायला १ ऑक्टोबर १९४१ उजाडावा लागला. निवड करणाऱ्याच्या मनातला एक ठाम समज पन्नास वर्षे हजारो माणसांच्या वाट्याला कसा येतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मराठी समाजाच्या इतिहासात क्वचित सापडेल.

समूहाविषयीचे असे समज सोडले, तरी एकेका माणसाविषयीचे मत कसे बनते याच्या अभ्यासालाही सैन्यातूनच चालना मिळाली. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यातले अधिकारी हाताखालच्या माणसांना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य अशा गुणांवर वेगवेगळे आकडे देत. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी ते तपासले आणि १९२० मध्ये त्यांचा निबंध छापून आला. एका गुणात चांगला ठरलेला माणूस जवळजवळ सगळ्याच गुणांत चांगला ठरला होता. धिप्पाड देहाचा बुद्धीशी किंवा चारित्र्याशी एवढा संबंध असणे शक्य नव्हते. अधिकाऱ्यांनी आधी माणसाविषयी एक सरसकट मत बनवले होते आणि त्यातूनच सगळे आकडे काढले होते. याला प्रभामंडळाचा परिणाम म्हणतात. मुलाखतीच्या खोलीत तो रोज घडतो. उमेदवाराने पहिल्या प्रश्नाचे उत्तर सफाईदार इंग्रजीत दिले की त्याचा विषयाचा अभ्यास, सचोटी आणि चिकाटी यांचे गुणही नकळत वर सरकतात.

हे मत किती लवकर बनते, तेही पाहिले गेले आहे. प्रश्नोत्तरे सुरू होण्याआधी प्रवास कसा झाला, कुठून आलात, अशा दोन-तीन मिनिटांच्या गप्पा होतात. मरे बॅरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवले की एवढ्या वेळात पडलेला ठसा मुलाखतीच्या अखेरच्या गुणांशी चांगलाच जुळतो. मत एकदा बनले की पुढचे प्रश्नही त्याला धरून येतात. १९७८ मध्ये मार्क स्नायडर आणि विल्यम स्वान यांनी काही जणांना, समोरची व्यक्ती मनमोकळी आहे का, हे प्रश्न विचारून तपासायला सांगितले. त्यांनी निवडलेले बहुतेक प्रश्न मनमोकळेपणच बाहेर काढतील असे होते. तपास करतो आहोत असे वाटत असताना माणूस प्रत्यक्षात आपल्या मताला पुरावा गोळा करत असतो. लेखी परीक्षेत फारसे गुण नाहीत हे पॅनेलला आधीच माहीत असेल, तर त्या उमेदवाराला ते अडचणीचे प्रश्न विचारते. तो अडखळतो, आणि पॅनेलला आपला अंदाज खरा ठरल्यासारखे वाटते.

मुलाखतीमुळे निवड सुधारते का, या थेट प्रश्नाला एक उत्तर अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडून अनपेक्षितपणे मिळाले. १९७९ मध्ये तिथे मुलाखतींच्या आधारे १५० विद्यार्थी घेतले होते. नंतर टेक्सासच्या विधिमंडळाने आणखी ५० जागा वाढवल्या, पण तोवर वरच्या क्रमांकांचे उमेदवार इतरत्र गेले होते. म्हणून मुलाखतीत अगदी तळाला टाकलेल्यांतून ५० जण घ्यावे लागले. पुढे दोन्ही गटांची तुलना झाली. अभ्यासातही आणि रुग्णालयातल्या कामातही ते सारखेच निघाले. जेसन डाना, रॉबिन डॉज आणि नॅथनियल पीटरसन यांनी २०१३ मध्ये याहून कठोर कसोटी लावली. विद्यार्थ्यांनी दुसऱ्या विद्यार्थ्यांचे पुढच्या सत्रातले गुण सांगायचे होते. आधीचे गुण त्यांच्या समोर होतेच. नुसत्या त्या गुणांवरून केलेले अंदाज मुलाखत घेऊन केलेल्या अंदाजांपेक्षा बरे ठरले. काही मुलाखतींत तर समोरच्याने एका गुप्त नियमाप्रमाणे, मनाला न विचारता, हो किंवा नाही एवढेच सांगायचे होते. मुलाखत घेणाऱ्यांना त्याचा पत्ता लागला नाही. मिळालेल्या यादृच्छिक उत्तरांतूनही त्यांनी त्या माणसाचे सुसंगत चित्र उभे केले. निरर्थक माहितीलाही अर्थ लावून देण्याची मनाची ही ताकद हाच मुलाखतीवरच्या विश्वासाचा मोठा आधार आहे, आणि तिच्यामुळेच हा विश्वास अनुभवाने कमी होत नाही. शिवाय नाकारलेला उमेदवार दुसरीकडे कसे काम करतो आहे हे पॅनेलला कधीच कळत नाही. घेतलेल्यांपैकी बरेच जण बरे काम करतात, आणि आपली नजर पक्की आहे असे वाटत राहते.

या कच्च्या अंदाजाला पद्धतीची जोड देण्याचा एक मोठा प्रयत्न दुसऱ्या महायुद्धात झाला. ब्रिटिश सैन्यात तोवर अधिकारी निवडण्याची रीत म्हणजे वरिष्ठांशी छोटीशी भेट होती. शाळा कोणती, वडील काय करतात, खेळ कोणते, एवढ्यावर निर्णय व्हायचा. प्रशिक्षणातून परत पाठवल्या जाणाऱ्यांची संख्या वाढली तेव्हा १९४२ मध्ये नवी निवड मंडळे आली. टॅव्हिस्टॉक क्लिनिकशी संबंधित विल्फ्रेड बियॉन, एरिक ट्रिस्ट, जॉन सदरलंड या मंडळींचा त्यांत वाटा होता. नेता न नेमता एका गटाला काम द्यायचे आणि कोण काय करतो ते पाहायचे, ही कल्पना बियॉनची. पुढच्याच वर्षी, १९४३ मध्ये, भारतात डेहराडूनला असे पहिले मंडळ सुरू झाले. सैन्यातले अधिकारी निवडणारे आजचे सेवा निवड मंडळ, म्हणजे एसएसबी, हे त्याचेच वारसदार.

एसएसबीच्या पाच दिवसांची ओळख महाराष्ट्रातल्या अनेक घरांना आहे. १९७७ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, सुरू झालेली सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी मुलांची तयारी करून घेते; मुले भोपाळ, प्रयागराज, बंगळूर इथल्या केंद्रांवर जातात. पहिल्याच दिवशी अंधूक चित्र तीस सेकंद दाखवून त्यावर गोष्ट लिहायला सांगतात. तिथे बरेच जण 'स्क्रीन आउट' होतात. उरलेल्यांना पुढे चित्रे, दर पंधरा सेकंदांना एक याप्रमाणे साठ शब्द, साठ प्रसंग यांना सामोरे जावे लागते. मैदानावर आठ-दहा मुलांच्या गटाला फळी, बल्ली आणि दोर देऊन अडथळ्यांपलीकडे ओझे न्यायला सांगतात. लाल रंगाच्या भागाला शरीर किंवा सामान लागता कामा नये. गटाची चाचणी घेणारा अधिकारी, म्हणजे जीटीओ, बाजूला उभा राहून टिपणे घेतो. कोणी मोठ्याने हुकूम सोडतो, कोणी न बोलता फळी नेमकी आडवी टाकतो, कोणी दुसऱ्याची कल्पना उचलून पुढे नेतो.

या पद्धतीचा खरा गुण मैदानावरच्या कसरतीपेक्षा तिच्या रचनेत आहे. मानसशास्त्रज्ञ, मुलाखत घेणारा अधिकारी आणि जीटीओ हे तिघे एकाच उमेदवाराला मनसा, वाचा, कर्मणा अशा तीन बाजूंनी पाहतात, ठरलेल्या पंधरा गुणांवर स्वतंत्र गुण देतात आणि शेवटच्या दिवसाच्या कॉन्फरन्सपर्यंत एकमेकांशी त्याविषयी बोलत नाहीत. एकाच्या मताची छाया दुसऱ्यावर पडू न देणे ही साधी खबरदारी बहुतेक नागरी पॅनेलांत घेतली जात नाही. तिथे अध्यक्षांनी मान डोलावली की बाकीच्यांची पेन्सिल त्याच बाजूला वळते.

ब्रिटिशांची हीच मैदानी कसोटी इस्रायलच्या सैन्यात गेली आणि तिथे डॅनिएल कानेमन या तरुण अधिकाऱ्याच्या हाती आली. गट ओंडका घेऊन भिंत ओलांडत असताना कोण पुढारी होईल हे आपल्याला लख्ख दिसते, असे त्यांना आणि सहकाऱ्यांना वाटे. प्रशिक्षण केंद्राकडून निकाल येत तेव्हा त्यांचे अंदाज निव्वळ अटकळीपेक्षा जेमतेम बरे निघत. पुढच्या तुकडीच्या वेळी खात्री पुन्हा तितकीच! कानेमन यांनी तिला यथार्थतेचा भ्रम म्हटले. १९५५ च्या सुमारास त्यांना सैनिकभरतीची मुलाखत सुधारायला सांगितले गेले. त्यांनी सहा गुण ठरवले, प्रत्येकावर आधीच्या आयुष्यातल्या घडलेल्या गोष्टींविषयी ठरावीक प्रश्न दिले आणि एक गुण संपवून त्यावर एक ते पाच आकडा मांडल्याशिवाय पुढच्याकडे जायचे नाही असा नियम केला. मुलाखत घेणारे तरुण चिडले; आपल्याला यंत्र बनवले जात आहे असे त्यांना वाटले. म्हणून शेवटी डोळे मिटून, हा कसा सैनिक होईल याचा एक एकूण आकडा द्यायची मुभा मिळाली. नवी पद्धत जुन्यापेक्षा स्पष्टपणे सरस ठरली, आणि तो शेवटचा अंतःप्रेरणेचा आकडाही सहा गुणांच्या बेरजेइतकाच उपयोगी निघाला. म्हणजे अंतःप्रेरणा टाकाऊ नाही, पण आधी शिस्तीने माहिती गोळा केली तरच ती कामाला येते. या विषयातला हा सर्वांत मोलाचा धडा मानायला हवा. कानेमन यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

माणसाचा अंदाज आणि साधे सूत्र यांची तुलना पॉल मील यांनी १९५४ च्या पुस्तकात मांडली. गुण, चाचण्या, पूर्वीची नोंद यांना ठरावीक वजने देऊन केलेली बेरीज तज्ज्ञाच्या निर्णयाइतकी किंवा त्याहून बरी ठरते, हा त्यांचा निष्कर्ष पुढच्या शेकडो अभ्यासांत टिकला. नेथन कुन्सेल आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये नोकरीच्या संदर्भात तो पडताळला. तीच माहिती सूत्राने जोडली तर कामगिरीशी सहसंबंध ०.४४ येत होता, तज्ज्ञांनी एकंदर विचार करून जोडली तर ०.२८. सहसंबंध ० असेल तर अंदाज निरुपयोगी, १ असेल तर तो अचूक.

फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांच्या संशोधनाचा गोषवारा काढला, आणि पुढची वीस वर्षे मनुष्यबळ विभागांनी तो प्रमाण मानला. त्यात कामाचा नमुना करून दाखवणे ०.५४, बुद्धिमापन आणि आखीव (सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न विचारणारी) मुलाखत प्रत्येकी ०.५१, मोकळी मुलाखत ०.३८, नोकरीच्या अनुभवाची वर्षे ०.१८ आणि हस्ताक्षरावरून स्वभाव सांगणे ०.०२ असे आकडे होते. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ते पुन्हा तपासले. अशा अभ्यासांत माहिती मिळते ती फक्त निवडलेल्या माणसांची. न घेतलेल्यांचा हिशेब धरण्यासाठी आकडे वाढवून घेतात. ही वाढ आधी फार सैल हाताने केली गेली होती. सुधारित हिशेबात आखीव मुलाखत ०.४२ वर पहिली आली, बुद्धिमापन ०.३१ वर उतरले आणि मोकळी मुलाखत ०.१९ वर घसरली. पहिल्या क्रमांकाची पद्धतही माणसामाणसांच्या कामगिरीतल्या फरकापैकी जेमतेम अठरा टक्के सांगते. निवड करणाऱ्याने किती नम्र असावे, हे या आकड्यावरून ठरावे.

बुद्धिमापनाची मराठी परंपरा जुनी आहे. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडला बिने यांच्या कसोट्या मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतल्या. १९३४ ची ही बिने-कामत चाचणी अजूनही भारतात वापरली जाते. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये स्थापलेल्या ज्ञान प्रबोधिनीने गिलफर्ड यांच्या बुद्धिरचनेच्या सिद्धान्तावर चाचण्यांचे काम केले. परक्या भाषेतली, परक्या मुलांवर बसवलेली मोजपट्टी जशीच्या तशी लावली की तीही ठशाइतकीच अन्याय करते, ही जाण कामतांच्या कामाच्या मुळाशी होती.

कामाचा नमुना पाहण्याची रीत कारखान्यांत शास्त्राच्या आधीपासून आहे, आणि तिच्याकडे पुरेशा आदराने पाहिले गेलेले नाही. आयटीआयच्या फिटरला एमएस फ्लॅटचा तुकडा आणि ड्रॉइंग देतात. तो मार्किंग करतो, पंच मारतो, हॅकसॉने जास्तीचा भाग काढतो, तुकडा व्हाइसमध्ये बांधून आधी बास्टर्ड आणि मग स्मूथ फाइल चालवतो. दर थोड्या वेळाने गुण्या लावून तो उजेडाकडे धरतो. पाते आणि जॉब यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली तर पृष्ठभाग काटकोनात नाही. शेवटी व्हर्निअर लावून माप पाहतात. उमेदवार कोणत्या गावचा, बोलतो कसा, आडनाव काय, यांतले काहीही व्हर्निअरवर उमटत नाही. सुधारित हिशेबात या पद्धतीचा आकडा ०.३३ आहे, आणि कामाच्या ज्ञानाच्या परीक्षेचा ०.४०. मर्यादा एवढीच की ती काम शिकलेल्यालाच लावता येते. ज्याला शिकवून घ्यायचे आहे त्याच्या बाबतीत ती गप्प राहते.

कारकुनीपासून व्यवस्थापनापर्यंतच्या कामांत मोजमापाची जागा बहुधा बोलणे घेते आणि तिथे आडनाव ऐकू येते. डॉ. आंबेडकर १९१७ मध्ये कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनला शिकून बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा कचेरीतले शिपाई फायली लांबून टाकत आणि प्यायला पाणी मिळत नसे. पुढच्या वर्षी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाल्यावरही सामायिक भांड्यातले पाणी पिण्याला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. पदवी, पद, विद्वत्ता सगळे डोळ्यांसमोर असूनही पाहणाऱ्यांना आधी जातच दिसत होती.

ही नजर आजच्या खासगी नोकऱ्यांत उरली आहे का, हे सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी मोजले. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेले थोरात पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. २००५ च्या ऑक्टोबरपासून ६६ आठवडे त्यांच्या गटाने इंग्रजी दैनिकांतल्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी होती. वेगळे होते ते नाव. निष्कर्ष मुंबईच्या इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत २००७ मध्ये छापले गेले. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला होकारार्थी उत्तर येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश, मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश होती. ही गळती मुलाखतीच्या आधी, कागदावरच झाली. दिल्लीत झालेल्या आणि २००९ मध्ये छापलेल्या अशाच दुसऱ्या अभ्यासात सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांमध्ये भेद आढळला नाही, कॉल सेंटरच्या नोकऱ्यांमध्ये काही प्रमाणात आढळला. कौशल्य थेट तपासता येते तिथे नावाचा जोर कमी पडतो आणि बोलण्या-वागण्याची पारख करायची असते तिथे तो वाढतो, असा त्याचा अर्थ लावणे वाजवी वाटते.

सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी २००७ मध्ये छापलेल्या अभ्यासासाठी मोठ्या कंपन्यांच्या पंचवीस मनुष्यबळ व्यवस्थापकांशी बोलून पाहिले. निवड गुणवत्तेवरच होते असे सगळ्यांनी ठामपणे सांगितले, आणि कौटुंबिक पार्श्वभूमी विचारणे मात्र जवळजवळ सगळ्यांना आवश्यक वाटत होते. वडील काय करतात, भावंडे काय शिकली, घर कुठे, या प्रश्नांत विचारणाऱ्याला वाईट हेतू दिसत नाही. शिकलेल्या पहिल्या पिढीच्या मुलामुलींना मात्र त्यांचे उत्तर देताना आपण कुठे उभे आहोत ते कळते. त्याचा कामगिरीवर काय परिणाम होतो हे कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतल्या सहावी-सातवीच्या मुलांवर पाहिले. कागदावरचे भुलभुलैये सोडवायचे होते. जात जाहीर नसताना वरच्या आणि खालच्या मानलेल्या जातींची मुले सारखीच ठरली. नावाबरोबर जात मोठ्याने वाचून दाखवली की खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी लक्षणीय घसरली. पाहणाऱ्याची नजर पाहिल्या जाणाऱ्याचे कामच बदलते, हे यातून दिसते आणि ते वाचून अस्वस्थ व्हायला होते.

मानसशास्त्रज्ञांची ही चिंता भारतीय न्यायालयांनी वेगळ्या वाटेने मांडली. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रवेशाचे अजय हासिया प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९८० मध्ये निकाली काढले. लेखी परीक्षेला १०० आणि मुलाखतीला ५० गुण होते. एकेका मुलाची मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली होती आणि प्रश्न वडिलांविषयी, राहण्याच्या ठिकाणाविषयी विचारले होते. मुलाखतीला पंधरा टक्क्यांहून अधिक गुण ठेवणे मनमानी ठरेल, असे न्यायालयाने म्हटले आणि मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात असेही सुचवले. हरियाणाच्या अशोककुमार यादव प्रकरणात १९८५ मध्ये ६१ जागांसाठी तेराशेहून अधिक उमेदवारांना मुलाखतीला बोलावल्याचे समोर आले. एवढ्या गर्दीत तोंडी परीक्षेचे गुण लेखी परीक्षेचा निकाल सहज उलटवू शकतात. न्यायालयाने सर्वसाधारण उमेदवारांसाठी १२.२ टक्के ही मर्यादा सांगितली. आज केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत २,०२५ पैकी २७५ गुण मुलाखतीला आहेत, म्हणजे साडेतेरा टक्क्यांच्या आसपास. कनिष्ठ पदांसाठी केंद्राने १ जानेवारी २०१६ पासून मुलाखतच बंद केली. वशिल्याला आळा हा त्यामागचा जाहीर हेतू होता. आनुषंगिक लाभ असा की मोकळ्या मुलाखतीचा कच्चेपणाही त्यातून गेला.

माणूस नोकरीत आल्यावर पारख थांबत नाही. सरकारी कचेऱ्यांत गोपनीय अहवाल, खासगीत वार्षिक मूल्यमापन. स्टीव्हन स्कलन, मायकेल माउंट आणि मेनार्ड गॉफ यांनी २००० मध्ये व्यवस्थापकांच्या मूल्यमापनाचे पृथक्करण केले. गुणांतल्या फरकापैकी अर्ध्याहून अधिक भाग गुण देणाऱ्याच्या स्वतःच्या सवयीतून आलेला होता. ज्याला गुण दिले त्याची कामगिरी त्यामानाने थोडे सांगत होती. याचा एक गंभीर परिणाम मागे जाऊन संशोधनावरच होतो. मुलाखतीचे भाकीत खरे ठरले का, हे ज्या कामगिरीवरून ठरवतात, ती कामगिरी बहुधा साहेबाने दिलेल्या गुणांवरूनच मोजलेली असते.

भारतात यावर दोन ठिकाणी काम झाले. मुंबईत लार्सन अँड टुब्रोने १९७० च्या दशकाच्या मध्यास उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांच्याकडून आपली मूल्यमापन पद्धत तपासून घेतली. गुण देण्याबरोबर साहेब आणि हाताखालचा माणूस यांनी बसून बोलावे, पुढच्या वाढीची आखणी करावी, यावर त्यांनी भर दिला. देशातला पहिला मनुष्यबळ विकास विभाग त्यातून उभा राहिला. दुसरा बदल न्यायालयातून आला. देव दत्त प्रकरणात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोपनीय अहवालातली प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे असे ठरवले. बढतीला 'अत्युत्तम' हवे असताना 'उत्तम' शेरा मिळालेल्या माणसाला तो माहीतच नव्हता. ज्या निर्णयाचे उत्तर द्यावे लागते तो घेताना माणूस अधिक विचार करतो, हे मानसशास्त्राचे निरीक्षण इथे कायद्याच्या मदतीला येते.

या शास्त्राचे सगळेच निष्कर्ष सारख्या भरवशाचे नाहीत. २०१५ मध्ये संशोधकांच्या मोठ्या गटाने मानसशास्त्रातले १०० प्रयोग पुन्हा केले. मूळ निष्कर्षाला पुष्टी मिळाली ती ३६ टक्क्यांत. मुलाखतीला जाण्यापूर्वी दोन मिनिटे हात पसरून ऐटीत उभे राहिले की शरीरातले हार्मोन बदलतात, हा २०१० चा ४२ जणांवरचा प्रयोग जगभर प्रशिक्षणवर्गांत सांगितला गेला. २०१५ मध्ये २०० जणांवर केला तेव्हा तो परिणाम दिसला नाही आणि मूळ निबंधाच्या पहिल्या लेखिकेनेच २०१६ मध्ये त्यावरचा विश्वास मागे घेतला. प्रामाणिकपणाच्या प्रतिज्ञेवर आधी सही घेण्याविषयीचा २०१२ चा गाजलेला निबंध बनावट आकडेवारी उघड झाल्याने २०२१ मध्ये रद्द झाला. त्याच्या एका सहलेखिकेचे हार्वर्डमधले कायमपद २०२५ मध्ये गेले. प्रभामंडळ, आखीव मुलाखतीची सरशी, सूत्राचे माणसापेक्षा अधिक सातत्य, हे निष्कर्ष अनेक देशांत, अनेक दशके, हजारो लोकांवर पडताळले गेले आहेत. एकट्या चमकदार प्रयोगाला आणि त्यांना एका तागडीत तोलणे चूक आहे.

आखीव मुलाखतीत असे काय असते की तिचा आकडा मोकळ्या गप्पांच्या दुपटीहून अधिक येतो? आधी काम नेमके काय आहे ते लिहून काढतात. मग त्या कामात येणारे प्रसंग प्रश्न म्हणून घेतात. उदाहरणार्थ, पाळी सुरू होताना मागच्या पाळीच्या माणसाने बिघडलेले यंत्र तसेच सोडले आहे आणि माल पाठवायची वेळ झाली आहे, काय कराल? सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारतात. चांगले, मध्यम आणि कच्चे उत्तर कसे असेल हे आधीच लिहून ठेवतात. पॅनेलवरचा प्रत्येक जण बोलण्याआधी स्वतःचे गुण मांडतो, आणि बेरीज ठरलेल्या सूत्राने होते. यात महागडे काहीच नाही. स्कॉट हायहाउस यांनी २००८ मध्ये दाखवल्याप्रमाणे अडचण मनाची आहे. आपल्या अनुभवी नजरेवर विसंबण्याचा हक्क सोडायला अधिकारी तयार होत नाहीत.

संगणकाने हा प्रश्न सुटेल अशी आशा अलीकडे धरली गेली. ॲमेझॉनने अर्ज छाननारी प्रणाली आपल्याच दहा वर्षांच्या अर्जांवर शिकवली. ते बहुतांशी पुरुषांचे असल्याने ती स्त्रियांचा उल्लेख असलेले अर्ज मागे सारू लागली. कंपनीने ती गुंडाळल्याची बातमी २०१८ मध्ये आली. हायरव्ह्यू या अमेरिकी कंपनीने मुलाखतीच्या चित्रफितीतल्या चेहऱ्यावरच्या हालचाली गुणांत धरणे थांबवल्याचे २०२१ मध्ये जाहीर केले. जुन्या निर्णयांवर शिकवलेले यंत्र त्या निर्णयांतला कल उचलते आणि तो हजारो अर्जांना एकसारखा लावते. त्याचा एकच फायदा म्हणजे त्याची तपासणी करता येते: थोरात आणि ॲटवेल यांनी केले तसे नाव बदलून तोच अर्ज पुन्हा घालायचा आणि उत्तर बदलते का ते पाहायचे. माणसांच्या पॅनेलला एकच उमेदवार दोनदा, दोन आडनावांनी दाखवता येत नाही. म्हणून तिथे नाव झाकलेला अर्ज, लिहून ठेवलेले प्रश्न, स्वतंत्र गुण आणि अजय हासिया प्रकरणात सुचवलेले ध्वनिमुद्रण हीच साधने उरतात, आणि ती वापरायला कोणत्याही नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही.